वेगळ्या रंगाचा टी-शर्ट

बरेच दिवसांत इकडे काही लिहिलं नाही. सोयाबीनची सोंगणी, लगेच हरभऱ्याची पेरणी, त्यात दुकानात बियाण्याची गर्दी... लिहायला बसावं तर डोळे मिटायचे. पुण्याच्या आत्यांचा फोन आला, "काय रे, आटलं का सगळं?" म्हटलं, नाही आत्या, एक विषय डोक्यात आहे पण त्यात माझीच फजिती आहे, म्हणून लांबवतोय. असो. आज लिहूनच टाकतो.

विषय व्हॉलीबॉलचा आहे. ज्यांना खेळात रस नाही त्यांनीही वाचा, कारण तो पूर्ण खेळाचा नाही.

आमची धाकटी नववीत आहे, शाळेच्या सतरा वर्षांखालच्या संघात खेळते. उंची पाच फुटांना दोन इंच कमी. (उंची माझ्याकडून आली, त्याबद्दल घरात रोज ऐकतो.) ऑगस्टमध्ये रिसोडला तालुक्याच्या स्पर्धा होत्या. दुकान भावावर सोडून पहिल्यांदाच तिची मॅच पाहायला गेलो. पाहतो तर पाच मुली निळ्या टी-शर्टात आणि आमची एकटी नारिंगी. मला वाटलं, हिचा निळा धुवायचा राहिला असेल. मॅच सुरू झाली. थोडा वेळ खेळली की ती बाहेर, दुसरी उंच मुलगी आत. थोड्या वेळानं परत ही आत. सर्व्हिस तिला दिली नाही. जाळीजवळ एकदाही गेली नाही. एक स्मॅश नाही. दोन्ही सेट संपेपर्यंत तिच्या नावावर एकही पॉइंट मला दिसला नाही. संघ जिंकला, मुली नाचल्या, आणि माझं डोकं फिरलं.

तसाच सरांकडे गेलो. सगळ्या मुली उभ्या होत्या, चार पालक होते. म्हणालो, "सर, पोरगी बुटकी आहे म्हणून मागं उभी केली ना? घडीघडी बाहेर काढता, मग आणता कशाला?"

सर तरुण आहेत, पण शांत. एवढंच म्हणाले, "भाऊ, पुढच्या मॅचला फक्त पहिला बॉल पाहा. बाकीचं पाहू नका."

एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. केनवड येईपर्यंत एक शब्द नाही. मला वाटलं थकली असेल. आठ दिवसांनी बायकोनं भाकरी वाढता वाढता सांगितलं, "पोरगी म्हणते, आता खेळाले जात नाही. पप्पाले माही लाज वाटते म्हणते. तुमी तिले सरासमोर असं काहून बोलले?"

मी तिला काहीच बोललो नव्हतो हो! मी तर तिच्या बाजूनं भांडलो होतो. पण तिच्या कानांवर काय पडलं? बुटकी, मागं उभी केलेली, पॉइंट न केलेली. हे तिच्या बापानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

मग रात्री बसून वाचायला घेतलं. त्या नारिंगी टी-शर्टाला लिबेरो म्हणतात. इटालियन शब्द, अर्थ मोकळा. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघानं ही जागा १९९८ साली खेळात आणली. (आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तोही १९९८ सालीच, १ जुलैला. म्हणजे दोघं एकाच वयाचे, आणि दोघांकडेही लोकांचं लक्ष जरा कमीच!) तोवर खेळाडू इतके उंच आणि स्मॅश इतके जोरदार झाले होते की बॉल जमिनीवरून उचलणंच अवघड. खेळ भराभर संपायचा. म्हणून फक्त बचाव करणारा एक माणूस ठेवला. तो मागच्या रांगेतच खेळणार. आंतरराष्ट्रीय नियमानं त्यानं सर्व्हिस करायची नाही, ब्लॉक करायचा नाही, जाळीच्या वर असलेला बॉल मारायचा नाही. पंचाला लांबून ओळखू यावा म्हणून कपडे वेगळ्या रंगाचे. आणि त्याची ये-जा बदली खेळाडूंच्या हिशेबात धरत नाहीत. एका सेटमध्ये बदल सहाच मिळतात, पण लिबेरो कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो, फक्त मध्ये एक बॉल खेळून झालेला हवा. फिरत फिरत पुढच्या रांगेत जायची वेळ आली की बाहेर यायचं, हा नियमच आहे. म्हणजे मला जी शिक्षा वाटली होती ती तिची मोकळीक होती.

डॅलसला आमचे मेहुणे आहेत, त्यांची मुलगीही खेळते. त्यांना फोन केला तर ते हसायला लागले. म्हणाले, "मीपण असाच भांडलो होतो." त्यांच्याकडे लिबेरोशिवाय आणखी एक जागा असते, डिफेन्सिव्ह स्पेशालिस्ट. ती मुलगी संघाच्याच रंगात असते, साधी बदली म्हणून मागच्या रांगेत येते, सर्व्हिसही करते, पण तिचं येणं-जाणं बदलांच्या हिशेबात धरलं जातं. तिकडं बदल जास्त मिळतात म्हणून ते परवडतं. काम तेच, बॉल पडू द्यायचा नाही. आणि बापाची तक्रारही तीच!

नियम कळले, पण महत्त्व कळलं नव्हतं. त्यासाठी सरांचं "पहिला बॉल पाहा" आठवावं लागलं. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या संघालाच पॉइंट मिळायचा, सेट पंधराचा असायचा. आता प्रत्येक बॉलला कुणाला तरी पॉइंट मिळतो, सेट पंचवीसचा. म्हणजे समोरची सर्व्हिस तुम्हाला नीट घेता आली नाही की गेलाच पॉइंट. आणि नुसती घेऊन भागत नाही. पहिला पास बरोबर लिफ्टरच्या डोक्यावर गेला तर तिच्यासमोर तीन वाटा असतात. बॉल कुणाला देणार ते समोरच्यांना कळत नाही, त्यांचा ब्लॉक फसतो. तोच पास दोन मीटर मागं पडला तर लिफ्टर धावत जाते, एकच वाट उरते, आणि समोर दोघी हात वर करून तयारच. स्मॅश मारणारी तीच, तिची ताकदही तीच, पण एकदा पॉइंट आणि एकदा मार. फरक पहिल्या पासाचा.

हे वाचताना मला जागल आठवली. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. आमच्याकडे पीक भरात आलं की रात्री शेतात राखणीला जावं लागतं, त्याला जागल म्हणतात. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत तुरीचा धुरळा करतात. आजोबा वर्षानुवर्षं जागलीला गेले. खळ्यावर पोती मोजताना पेरणी कुणी केली, फवारणी कुणी केली याची चर्चा व्हायची. जागल कुणी केली हे कधी कुणी विचारलं नाही. पण ज्या रात्री आजोबांना ताप होता आणि कुणीच गेलं नाही, त्या रात्रीचं नुकसान अजून घरात सांगतात. जागल करणाऱ्याचं नाव असं फक्त नुकसानीच्या दिवशीच निघतं.

लिबेरोचं तेच आहे.

मोठ्या खेळातही हे उशिराच मान्य झालं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आला आणि बायकांचं सुवर्ण जपाननं नेलं. त्यातल्या बहुतेक मुली एकाच कापड गिरणीच्या संघातल्या. जमिनीवर लोळण घेऊन बॉल उचलायचा आणि त्याच झटक्यात उभं राहायचं, हे त्यांचं वैशिष्ट्य. समोर उंच, दणकट रशियन होत्या. ब्राझीलचा सेर्जिओ लिबेरोच होता, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी पुरुषांच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. लिबेरोला कर्णधार होण्याची परवानगी मात्र अगदी अलीकडची, २०२१ पासूनच्या नियमांतली.

हे सगळं मी लेकीला एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मला माहीत आहे." पुढं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर गेली. मी दुकानातून एक वही काढून ठेवली.

सप्टेंबरमध्ये वाशीमला जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या. सरांनी मला पद्धत शिकवली होती. पास लिफ्टरच्या हातात गेला तर ३, थोडं हलावं लागलं तर २, कसाबसा उचलला तर १, पडला तर ०. मी कोपऱ्यात बसून फक्त तिचा पहिला बॉल पाहत होतो. वेगळीच मॅच दिसली हो. बॉल समोरच्या मुलीच्या हातातून सुटायच्या आधी ही अर्धं पाऊल सरकलेली असायची. "माझा!" असं ओरडायची, आणि तिच्यापेक्षा वीतभर उंच मुली बाजूला व्हायच्या. घरात पाहुणे आले की दाराआड उभी राहणारी आमची पोरगी! मुरमाच्या ग्राउंडवर दोनदा पालथी पडली, कोपर सोललं, बाहेर येऊन पाणी ओतलं, परत आत.

पहिला सेट जिंकलो, दुसरा हरलो. तिसरा सेट पंधराचा. चौदा-तेरा अशी समोरच्यांची आघाडी, त्यांची सर्व्हिस. बॉल जाळीवरून आला आणि एकदम खाली बसला. ही पुढं झेपावली, बॉल मनगटाला लागून बाजूला उडाला. मॅच संपली.

माझ्या मागून आवाज आला, "त्या नारिंगीवालीनं घालवली." मी वळून पाहिलं. तो एक बाप होता. महिन्यापूर्वीचा मीच. काही बोललो नाही. माझ्या हातात वही होती. एकवीस बॉल. नऊ ३, सहा २, चार १, दोन ०. त्याच सेटमध्ये चार सर्व्हिस बाहेर गेल्या होत्या, दोन स्मॅश जाळीत. त्या मुलींना कुणी काही म्हटलं नाही, म्हणूही नये. पण त्या चुका खेळाचा भाग आणि हिची चूक म्हणजे पराभवाचं कारण, हे कसं?

बसस्टँडवर तिनं विचारलं, "वहीत शून्य किती?"

"दोन."

"तीन पाहिजेत. पहिल्या सेटमध्ये एक बॉल मागं उडाला होता. तुम्ही एक दिला असेल. तो माझ्याकडून गेलाच होता, लिफ्टर धावली म्हणून वाचला."

मी पेन काढून दुरुस्ती केली. तिनं वही पाहून घेतली. घरी जाईपर्यंत बोलत होती, कोणती सर्व्हिस कशी वळते, समोरच्या सहा नंबरचा खांदा कसा फिरतो... मला अर्धं कळलं नाही.

आता माझं मत. पटलं नाही तर सांगा.

एक. सरांशी मी ज्या पद्धतीनं बोललो ती चूक होती, पण प्रश्न पूर्ण चूक नव्हता. दहा-बारा वर्षांच्या मुलीला बुटकी म्हणून कायमचं मागं ठेवू नये. त्या वयातली उंची काही खरी नसते, दोन-तीन वर्षांत ताडासारखी वाढलेली पोरं आपण पाहतो. त्या वयात सगळ्यांनी सगळं शिकावं. उंच मुलींनीही बॉल घ्यायला शिकावं, बुटक्यांनीही मारायला. जागा ठरवायची ती नंतर, आणि मुलांशी बोलून. सरांना मी हे नंतर, एकट्यात आणि चहा पिताना सांगितलं. त्यांना पटलं.

दोन. एकदा जागा ठरली की ती कमी दर्जाची समजू नये. आपल्या गावोगावच्या स्पर्धांत ढाल मिळते ती उत्कृष्ट स्मॅशरला. एखाद्या मंडळानं उत्कृष्ट बचावालाही ठेवावी. स्टीलचा डबा दिला तरी चालेल, पण नाव माईकवरून घ्यावं. डबा आमच्या दुकानाकडून, हे इथं लिहून ठेवतो.

तीन. हे आपल्या सगळ्या बापांसाठी. खेळात कोटा आहे, दहावीला सवलतीचे गुण आहेत, म्हणून आपण पोरांना ग्राउंडवर पाठवतो आणि संध्याकाळी विचारतो, "किती पॉइंट केले?" ज्या जागेवर पॉइंट करायला मनाई आहे त्या जागेवरच्या पोरीनं याला उत्तर काय द्यावं? ती म्हणणार, एकही नाही. रोज असं म्हणता म्हणता एक दिवस तिला ते खरंच वाटायला लागणार. आमच्या घरी ते जवळजवळ झालंच होतं.

मी आता "आज कसे बॉल आले?" असं विचारतो. उत्तर लांब असतं. दुकान उघडायला उशीर होतो.

आजोबा असते तर त्यांना जागलीच्या रात्रींबद्दल विचारलं असतं. ते राहून गेलं.

असो. उद्या वाशीमला माल आणायला जायचं आहे, तिच्यासाठी नीकॅपचा जोडही घ्यायचा आहे. रंग विचारला तर म्हणाली, "नारिंगी मिळाल्या तर पाहा."