जनरेटर घेतला म्हणजे तयारी झाली?

पूर्वी वीज गेली की सगळी आळी एका सुरात "गेलीऽऽ" म्हणायची. आता काही घरांतून आवाजच येत नाही. मागच्या अंगणात धडधड सुरू होते, दिवे उजळतात आणि घरमालक गॅलरीत येऊन शेजारच्या अंधाराकडे बघत उभे राहतात. त्या बघण्यात थोडी दया असते आणि बराचसा रुबाब. माझे भांडण आहे ते या रुबाबाशी. आमच्या गोतावळ्यात तीन घरांत जनरेटर आला आहे, चौथ्या घरात येऊ घातला आहे, त्यामुळे हे वाचून काहींना झोंबेल. झोंबू दे.

माझे म्हणणे एवढेच की बहुतेक घरांना जनरेटर लागतच नाही. ज्यांना खरोखर लागतो, त्यांनी तो नीट जोडला नाही तर त्याची किंमत भलताच कोणीतरी मोजतो.

आधी गरजेचे बोलू. 2005 नंतरच्या काही वर्षांत आपण भारनियमन भोगले. खेड्यांत बारा-बारा तास वीज नसे. तेव्हा कोणी जनरेटर घेतला असता तर मी हूं की चूं केले नसते. आता शहरांत आणि तालुक्याच्या गावांत वीज जाते ती बहुतेकदा फांदी पडली म्हणून, फीडरवर बिघाड झाला म्हणून, नाहीतर गुरुवारची दुरुस्ती म्हणून. म्हणजे काही तासांचा प्रश्न. त्यासाठी काय लागते? जरा वही-पेन घ्या.

जुना पंखा साधारण 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 ते 35. एलईडी दिवा 9 वॉटचा, इंटरनेटचा राउटर 10 वॉटच्या आसपास. नवे तीन पंखे, पाच दिवे आणि राउटर मिळून दीडशे वॉट झाले. 150 अँपिअर-अवरची साधी ट्यूब्युलर बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते, तूट-फूट धरून 1200 तरी देतेच. म्हणजे आठ तास पंख्याखाली झोपा! तेही धूर नाही, आवाज नाही, दोरी ओढणे नाही. जुने पंखे असतील तर हेच चार-साडेचार तासांवर येते. मग जनरेटरच्या पैशांत आधी पंखे बदलावेत, एवढे साधे गणित कोणी का करत नाही?

आणि जनरेटरची वीज पडते कितीला? लिटरभर डिझेलमागे ढोबळ तीन युनिट निघतात. लिटरला 90 रुपये धरले तर युनिट 30 रुपयांना, तेही नुसते इंधनाचे. वर सर्व्हिसिंग वेगळे. तो महिनोन्‌महिने झाकून ठेवला तर ऐन वेळी त्याचीच बॅटरी उतरलेली असते. पेट्रोलवरचा असेल तर टाकीतले पेट्रोल शिळे होऊन कार्ब्युरेटर चोंदतो. ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या यंत्राला तयारी म्हणत नाहीत.

यावर हुकमी प्रश्न येतो, "आणि वादळ आले म्हणजे?" प्रश्न रास्त आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत खांब असे झोपवले की कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. मोबाइलही मुके झाले. पण पेट्रोल पंपालाही वीज लागतेच की. रस्त्यावर झाडे आडवी पडली असताना डिझेल येणार कुठून? अशा वेळी छपरावरचे चार सोलर पॅनेल आणि बॅटरी जास्त दिवस साथ देतात. मात्र साधी ऑनग्रिड सोलर यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते, हे बसवतानाच विचारून घ्यावे. दुर्गम वाडी, घरात ऑक्सिजन काँसेंट्रेटरवर असलेला माणूस, दहा मजली इमारतीची लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांना जनरेटर हवाच. तिथे माझा विरोध नाही.

विरोध आहे तो जोडण्याच्या पद्धतीला. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला आणि दुसरे भिंतीतल्या सॉकेटला, की झाले घर चालू! मेन स्विच बंद करायचे लक्षात राहिले तर ठीक. नाही राहिले तर तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते, डीपीपर्यंत जाते आणि डीपी तिला हजारो व्होल्टची करून 11 हजारांच्या लाइनवर सोडते. त्या लाइनवर भर पावसात लाइनमन चढलेला असतो. एबी स्विच ओढलेला आहे, लाइन मेली आहे, या भरवशावर. तुमच्या घरी टीव्ही चालू राहावा म्हणून त्याच्या घरचा दिवा विझायचा. यावर उपाय आहे चेंजओव्हर स्विच. एका वेळी एक तर मंडळाची वीज, नाहीतर जनरेटरची, दोन्ही एकत्र येणे अशक्य. जनरेटरच्या किमतीपुढे तो काहीच नाही, तरी "नंतर बसवू" या यादीत तोच असतो.

धुराचेही तसेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅलरीत, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये जनरेटर लावून खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागले, असे समजणाऱ्याला सकाळी उठवावे लागते, आणि तो उठत नाही. यंत्र उघड्यावर हवे, दारे-खिडक्यांपासून लांब हवे. आणि आपल्यापासून लांब म्हणजे शेजाऱ्यांच्या खिडकीखाली नव्हे!

शेवटचा मुद्दा मला सर्वात जास्त खुपतो. ज्यांच्या तक्रारीला वजन असते, तेच आधी जनरेटर घेतात आणि मग तक्रार करणे सोडतात. फीडर तसाच राहतो, फांद्या तशाच राहतात, आणि अंधारात उरतात ते, ज्यांचा फोन कोणी उचलत नाही. 2006 मध्ये पुण्यात याच्या उलट घडले होते. कारखान्यांनी आपले जनरेटर भारनियमनाच्या वेळेत चालवले, तेवढी वीज शहराला मोकळी झाली, आणि जास्तीचा खर्च ग्राहकांच्या बिलांतून वाटला गेला. तो बोजा कोणी किती उचलावा यावर वाद घालता येईल, पण प्रश्न सगळ्यांचा आहे हे तरी त्यात मान्य होते.

असो. तर चौथ्या घरातल्या काका, यंत्र घ्यायचेच असेल तर घ्या. पण आधी घरातले वॉट मोजा, चेंजओव्हर स्विच पहिल्याच दिवशी बसवा, आणि दिवे लागल्यावरही तक्रारीचा फोन तेवढ्याच जोराने करा. तुमच्याकडे उजेड आहे, हे वीज आल्याचे लक्षण नव्हे.