भाड्याच्या खोल्या आणि उसाचे बिल



ऊसबिल खात्यावर जमा झाले की आजकाल गटात एकच विषय निघतो. तालुक्याच्या गावाला प्लॉट घ्यायचा, त्यावर खोल्या काढायच्या आणि भाडे खात बसायचे. कॉलेजची पोरं आहेत, एमआयडीसीतले कामगार आहेत, गिऱ्हाईक मिळतंच! ऊस विकास खात्याने यात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. पण खोल्यांचे कर्ज शेवटी उसाच्या सरीत उतरते आणि आम्हाला ते खोडव्याच्या रंगावरून कळते, म्हणून बोलणे भाग आहे.

आमचा खोल्यांना विरोध नाही. सगळे घर एका पिकावर टांगू नये, हे आम्हीच सांगत आलो. विरोध आहे तो घाईला. एकाच वर्षी आठ-दहा खोल्यांचा पाया खणायचा आणि पैसा सगळा बँकेचा, हे आम्हाला पटत नाही.

हिशेबच मांडू. समजा चार खोल्यांसाठी १० लाख रुपये कर्ज काढले, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षे. महिन्याचा हप्ता पडतो सुमारे १३,२१५ रुपये, म्हणजे वर्षाला १,५८,५८०. खोलीला ३,००० भाडे धरले तर महिन्याला १२,००० येतात. पण परीक्षा संपली की पोरं गावाकडे जातात, कामगाराची पाळी सुटली की तोही जातो. म्हणून दहाच महिने धरा, झाले १,२०,०००. घरपट्टी, पाण्याची मोटर, रंग, गळती यात २०,००० गेले. हातात उरला एक लाख. वरचे ५८,५८० आणायचे कुठून? उसाच्या बिलातून. त्या बिलातून आधीच सोसायटीची वसुली झालेली असते. मग खोडव्याच्या खताचा डोस चुकतो, ठिबकची फुटलेली नळी तशीच राहते, टनेज घसरते आणि पुढचे बिल आणखी कमी येते.

शिवाय बँकेचा हप्ता महिन्याला येतो, ऊस काही महिन्याला तुटत नाही. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण तुटायला १६ ते १८ महिने जातात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, हे खरे. पण टोळीच उशिरा आली तर ते १४ दिवस मोजायला सुरुवात कधी करणार?

बेणेमळ्याकडे बघा. जाणता सभासद सगळ्या रानाचे बेणे एकदम विकत आणत नाही. थोड्या गुंठ्यांत पायाभूत बेणे लावतो, नऊ-दहा महिन्यांनी तेच तोडून आठ-दहा पट रान धरतो. खोल्यांचेही तसेच करावे. आधी दोन खोल्या, होता होईल तो स्वतःच्या पैशातून. पाया मात्र वरच्या मजल्याचे वजन धरूनच घालावा, तिथे काटकसर नको. भाडे वेगळ्या खात्यावर टाकावे, लग्नकार्याला त्यातून उचल नको. दोन वर्षे भाडेकरू कसे येतात-जातात ते पाहावे, मग तिसरी-चौथी काढावी. कर्ज घ्यायचेच तर हप्ता येणाऱ्या भाड्याच्या निम्म्याच्या आत बसला पाहिजे, असे आमचे मत आहे. शेजाऱ्याने तीन मजले चढवले म्हणून आपणही चढवू, असे होते खरे. त्याच्या घराचा रंग आपल्याला दिसतो, कर्जाचा उतारा दिसत नाही.

आणि ओळखीचा आहे, पाव्हण्यातला आहे म्हणून तोंडी खोली देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार लेखी नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. भाडे हे शेतीचे उत्पन्नही नव्हे, आयकराच्या हिशेबात ते वेगळे धरले जाते.

यंदा बांधकाम काढायचा विचार असेल तर मागच्या तीन हंगामांच्या बिलाच्या पावत्या घेऊन गट ऑफिसात या. खत, पाणी, मजुरी वजा जाता खरे किती उरते ते बसून काढू. दुपारनंतर आम्ही लागणीच्या नोंदीसाठी शिवारात असतो, तेव्हा सकाळीच आलेले बरे.