आव्हाणे आणि वरखेडीचा धूर: दोन आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त, जळगाव शहर महानगरपालिका,
मा. आयुक्त, धुळे महानगरपालिका,



महापालिका दोन, पण पत्र एकच लिहितो आहे. जळगावचा आव्हाणे शिवारातला कचरा डेपो घ्या की धुळ्याचा वरखेडीचा, उन्हाळ्यात दोन्हीकडे तेच होतं. पारा पंचेचाळीसकडे सरकला की ढीग पेटतो. बंब येतो, पाणी मारतो, वरचा जाळ विझतो. आत मात्र हवेविना कुजलेल्या ओल्या कचऱ्याचा मिथेन कोंडलेला असतो. त्यामुळे ढीग धुमसत राहतो आणि धूर दुसऱ्या कडेनं निघतो. त्यात प्लास्टिक, रबर, वायरींची आवरणं सगळंच जळतं. पीव्हीसी प्लास्टिक असं अर्धवट जळलं की डायॉक्सिनसारखी विषं हवेत मिसळतात.

घंटागाडी वजनकाट्यावर चढते आणि टनांची नोंद होते. किती कचरा आला, कितीवर प्रक्रिया झाली, हे वरपर्यंत कळवावं लागतं. डेपोजवळच्या वस्तीत दमा किती जणांना आहे, किती लेकरांचा खोकला हटत नाही, कुणाच्या विहिरीचं पाणी बिघडलं, हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. तो रकाना उघडा, एवढ्यासाठीच हे पत्र.

ढिगावर भंगार वेचणाऱ्या बायका एकदा जवळून बघा. हातात लोखंडी आकडा, पायात झिजलेली स्लीपर, नाकातोंडावर पदर. आकड्यानं पिशवी फाडली की शिळं अन्न, डायपर, फुटकी बाटली, कधी दवाखान्यातली सुई. एवढी एक सुई टोचली तरी हिपॅटायटिस बी होऊ शकतो. 2016च्या घनकचरा नियमांत कचरा हाताळणाऱ्या कामगारांना हातमोजे, मास्क, बूट द्यायचं स्पष्ट लिहिलं होतं. पण स्वतःच्या पोटासाठी वेचणारी बाई कुणाच्या हजेरीपटावर असते? तिला धाप लागली तर तिची मजुरी बुडते, आणि ते कुठेच लिहिलं जात नाही.

पाऊस लागला की धूर थांबतो आणि ढिगातून काळं पाणी झिरपायला लागतं. अमोनिया, क्षार, फेकलेल्या बॅटऱ्यांतलं शिसं घेऊन ते जमिनीत उतरतं. जळगावला गिरणा आहे, धुळ्याला पांझरा. आपली शेती विहिरी आणि बोअरवर चालते, गुरंही तेच पाणी पितात.

माणसं मोजणं अवघड आहे, असं कृपा करून सांगू नका. इटलीत रोमभोवतीच्या लाझिओ प्रांतात नऊ कचराभूमींच्या 5 किलोमीटर परिसरात राहणाऱ्या सुमारे 2 लाख 42 हजार लोकांच्या नोंदी संशोधकांनी वर्षानुवर्षं तपासल्या. कचऱ्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड जिथे जास्त, तिथे श्वसनविकारांनी दवाखान्यात भरती होणारे जास्त निघाले, मुलं तर विशेष. तो अभ्यास 2016 साली छापून आला. इटली लांबची वाटत असेल तर कोची घ्या. मार्च 2023मध्ये ब्रह्मपुरमचा डेपो बारा दिवस जळला, तेव्हा केरळच्या आरोग्य खात्यानं आशा कार्यकर्त्यांना घरोघर पाठवलं.

आशाताई आपल्याकडेही आहेत. जळगावात 2018पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे. वस्तीत जाऊन आजार नोंदवणं हे त्यांच्या जनऔषधवैद्यक विभागाचं कामच आहे. पाणी तपासायला बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग जळगावातच आहे. या सगळ्यांना पत्र तुम्हीच पाठवायचं आहे, आणि ते तुमच्या एका सहीनं जाईल.

मग येत्या उन्हाळ्याआधी डेपोच्या भोवतालची घरं आणि ढिगावरची सगळी माणसं, हजेरीपटावरची आणि त्याबाहेरचीही, एकदा तपासून घ्या. फुफ्फुसांची तपासणी, धनुर्वात आणि हिपॅटायटिसची लस. विहिरींचं पाणी पावसाआधी आणि पावसानंतर तपासा. जे निघेल ते मराठीत लिहून आव्हाणे आणि वरखेडीच्या फलकावर लावा, आकडे वाईट निघाले तरी.

आपला,
जळगावचा एक रहिवासी