डोळ्यांदेखत फसवणारा ‘प्रोफोन्दो रोस्सो’
इटलीत रहस्यकथेला ‘जाल्लो’, म्हणजे ‘पिवळी’ म्हणतात. हे नाव पडलं मोंदादोरी प्रकाशनाच्या १९२९पासूनच्या पिवळ्या मुखपृष्ठांमुळे. दारिओ अर्जेंतोचा १९७५चा ‘प्रोफोन्दो रोस्सो’ याच पठडीतला.

पियानोवादक मार्कस रस्त्यावरून खून पाहतो आणि धावत वर फ्लॅटमध्ये जातो. नंतर त्याला वाटत राहतं, पॅसेजमधलं एक चित्र गायब आहे. कॅमेऱ्याने ते आपल्यालाही दाखवलेलं असतं, तरी आपण फसतो! रहस्यपटांत इतकी प्रामाणिक चलाखी क्वचितच दिसते. ‘गॉब्लिन’चं संगीत तर अंगावर येतं.

मधला भाग मात्र रेंगाळतो. मार्कस आणि पत्रकार जान्नाची पंजा लढवण्याची थट्टा निम्म्यात आटोपली असती. खून गरजेपेक्षा लांबवलेत, खुन्याचा हेतू मात्र घाईत उरकलाय. तरी शेवट कळल्यावर चित्रपट मागे नेऊन तो पॅसेज पुन्हा बघाच.