गंजला म्हणजे निकामी झाला?

गडावर सापडलेला तोफगोळा म्हणजे नुसते लोखंड, दोनशे पावसाळे झेललेल्या दारूत कसला आलाय दम, त्यासाठी बॉम्बशोधक पथक बोलावणे हा निव्वळ बाऊ, असे एका दुर्गप्रेमी लेखकाने नुकतेच ठासून मांडले आहे. यातले अर्धे खरे आहे, म्हणूनच ते घातक आहे. आपल्याकडे सापडणारे बहुतेक गोळे भरीव असतात. ते तट फोडत, स्वतः फुटत नसत. पण उखळी तोफेचा कुलपी गोळा पोकळ, आत दारू ठासलेली, भोकात बत्ती. मे 1818 मध्ये इंग्रजांनी रायगडावर असेच गोळे टाकले आणि गडावर आगीचा डोंब उसळला. बत्ती वाटेतच विझली, तर असा गोळा न फुटता मातीत रुतून राही.

राहिला दारूच्या दमाचा प्रश्न, आणि खरी गफलत इथेच आहे. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. यातले काहीच नुसत्या वयाने मरत नाही. सोरा पाण्यात विरघळतो, तो वाहून गेला तर दारू निकामी होते, हे मान्य. पण बत्तीचे भोक गंजाने बुजले, तर सोरा जाणार कुठून? ओल सुकली की तो आतच उरतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात 2008 मध्ये यादवी युद्धातला, म्हणजे तेव्हा सुमारे 140 वर्षे जुना, 75 पौंडी आरमारी गोळा साफ करताना फुटला. हाताळणारा जाणकार संग्राहक जागीच ठार झाला, आणि एक तुकडा पाव मैलावरच्या घराच्या ओसरीत घुसला. दोनशे पावसाळ्यांचा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी या तुकड्याचा हिशेब द्यावा. भोक दिसत नाही म्हणून गोळा भरीव, हा युक्तिवाद तर गंजाचा थर पाहूनच सोडून द्यायला हवा होता. पोकळ गोळा भरीवपेक्षा हलका भरतो, हा वजनाचा ताळाही मातीची पुटे चढलेल्या गोळ्याला लागू पडत नाही.

पथक आले की गोळा उडवून टाकील आणि इतिहास जाईल, ही भीती मात्र रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे आधी क्ष-किरण तपासणीचा आग्रह धरणे. भरीव निघाला तर तो संग्रहालयात जावा. तोवर गडसंवर्धनाला जाणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: गोळा हलवू नका, घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका. जागा टिपा, लांबून फोटो घ्या, आणि पोलिसांना व पुरातत्त्व खात्याला कळवा.