थंडी नाही, धूळ येतेय बॉस!

"यंदा रॅली किट बसवून टाकू का?" नोव्हेंबर सरत आला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारा आठवडाभर लोअर परेलच्या ऑफिसात एसी खातो आणि रविवारी त्याला डोंगर हवा असतो. बाईक मात्र एकच!

तर मंडळी, आधी हिवाळा म्हणजे काय ते ठरवू. अमेरिकेत डर्ट बाईकला हिवाळ्यासाठी चक्क ट्रॅक किट लावतात. पुढचं चाक काढून तिथे स्की, मागच्या चाकाच्या जागी लांब रबरी पट्टा, की बाईक बर्फावर पळायला तयार! आपल्याकडे? सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. एवढ्या थंडीची इंजिनाला दखलही घ्यावी लागत नाही.

आपल्या हिवाळ्याचा व्हिलन वेगळाच आहे... धूळ! पार्काशेजारी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पाऊस गेला की मैदानातली लाल माती खिडकीच्या गजांवर, कपड्यांवर आणि खाली लावलेल्या बाईकच्या सीटवर. कर्जत-मुरबाडकडच्या कच्च्या रस्त्यांवर तर ती पावडरसारखी उडते. म्हणून तयारीची सुरुवात किटपासून नाही, एअर फिल्टरपासून करायची.

फिल्टर : कागदी असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. फोमचा असेल तर धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच फिल्टर ऑइल लावा. सर्व्हिस बुकमधलं अंतर साध्या रस्त्यासाठी असतं. धुळीत चालवणार असाल तर त्याच्या आधीच उघडून बघा. फिल्टरला चुकवून आत गेलेली धूळ सिलिंडर आणि पिस्टन रिंग घासते, आणि तो खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो.

चेन : 'भरपूर ल्यूब, भरपूर लाइफ' हा फंडा विसरा. तेल अधिक धूळ म्हणजे पॉलिश पेपर! राइडनंतर स्वच्छ करा, पुसा, पातळ थर द्या आणि रात्रभर मुरू द्या.

टायर : मातीत हवा थोडी कमी केली की पकड वाढते. पण ट्यूब असेल तर जास्त कमी नको. दगडावर आपटला की रिम आणि दगडात ट्यूब चिमटलीच समजा. हातपंप सोबत ठेवा आणि हायवेला लागायच्या आधी हवा पुन्हा भरा.

आता किट. हीरोची एक्सपल्स २०० आली २०१९ मध्ये, आणि तिचं रॅली किट पुढच्याच वर्षी. २०२२ मध्ये तर कंपनीने ४व्ही मॉडेलची रॅली एडिशनच काढली. साध्या ४व्हीच्या पुढच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हल १९० मिमी, रॅलीचा २५०. मागे १७० चा २२०. दगडधोंड्यांवर हा फरक अक्षरशः कंबरेला कळतो. पण सीटही ८२५ वरून ८८५ मिमीवर जाते, म्हणजे सहा सेंटीमीटर वर! पाच फूट पाच इंचाच्या माणसाने रोज सेनाभवनच्या सिग्नलला पंजाच्या टोकावर उभं राहायचं, मागून बेस्टची बस हॉर्न मारतेय... विचार करा. शिवाय बटणाचे टायर डांबरावर साध्या टायरइतके घट्ट धरत नाहीत.

आणखी एक. सस्पेन्शन तुमच्या वजनाला सेट केलं नाही, तर किट नुसतं शोभेचं. पूर्ण गिअर घालून बसल्यावर मागची बाजू एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश दबायला हवी. आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ वाचल्याशिवाय बाहेरून मोडिफिकेशन करू नका. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले ते नक्की वाचतात.

माझं मत स्पष्ट आहे. बाईक एकच असेल आणि तिच्यावरच सोमवारी ऑफिस गाठायचं असेल, तर किट राहू द्या. तेच पैसे फिल्टर, टायर, चांगले बूट आणि नी-गार्डवर घाला. रेसिंग करणार असाल, किंवा दुसरी गाडी दाराशी असेल, तर खुशाल बसवा.

आणि हो, बाईक तयार झाली की एक तयारी आपलीही. भात कापलेलं शेत रिकामं दिसतं, पण नसतं. रायगड-ठाण्यात त्याच ओलीवर वाल पेरतात. तुमच्या बटणाच्या टायरची एक चक्कर म्हणजे कुणाचं तरी अख्खं पीक. वाळलेल्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकवून फोटो काढू नका, वणवा लागायला तेवढं पुरतं. बांधावर कुणी दिसलं तर इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि "काका, रस्ता कुठून?" एवढं विचारा. अशी वाट कुठल्याच मॅपवर सापडत नाही!