धैर्याची स्तुति आणि साधनांची हयगय

आरमारी वैमानिकांच्या धाडसाची वर्णनें वाचून वाचकांचें मन उचंबळतें, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या धाडसाची किंमत टळण्यासारखी होती कीं नव्हती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो आज आम्ही विचारणार आहों.

युजीन एली हा अमेरिकन वैमानिक आरमाराचा नोकर नव्हता. ता. १४ नोव्हेंबर १९१० रोजीं त्यानें 'बर्मिंगहॅम' युद्धनौकेवर उभारलेल्या लांकडी उतारावरून विमान उडविलें. तें खालीं जाऊन पाण्यास टेंकलें, पंख्यास इजा झाली, तरी तो किनाऱ्यास पोंचला. आणि ह्या गृहस्थास पोहतां येत नव्हतें! पुढें ता. १८ जानेवारी १९११ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरांत नांगरलेल्या 'पेनसिल्व्हेनिया' नौकेवर तो उतरला. तेथें आडवे दोर ताणून त्यांच्या टोंकांस वाळूच्या पिशव्या बांधिल्या होत्या. विमानाखालचे आंकडे त्यांत अडकले व विमान थांबलें. युक्ति साधी, खर्च क्षुल्लक. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेकन येथें विमानाचे खेळ दाखवितांना तो मेला. वयास २५ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. पदक मिळालें १९३३ सालीं!

इंग्रजांच्या आरमारांत स्क्वाड्रन कमांडर एडविन डनिंग ह्यानें ता. २ ऑगस्ट १९१७ रोजीं स्कापा फ्लो येथें चालत्या 'फ्यूरियस' नौकेवर विमान उतरविलें. असें पूर्वीं कोणींच केलें नव्हतें. पण साडेसहा वर्षांपूर्वीं सिद्ध झालेले ते दोर व आंकडे तेथें कोठें होते? उतरतें विमान सोबत्यांनीं धांवत जाऊन हातांनीं पकडावयाचें, ही व्यवस्था! शिवाय उतरण्याची जागा नौकेच्या पुढच्या अंगास. धुरांडें व मनोरा यांस वळसा घालून तेथें यावें लागे. ता. ७ रोजीं पुन्हां उतरतांना विमान कडेवरून समुद्रांत गेलें व डनिंग बुडाला. मागच्या बाजूस उतरण्याचा डेक बांधला, तो त्यानंतर. डनिंगच्या धैर्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. पण कायद्याच्या भाषेंत अशा गोष्टीस नुसता अपघात म्हणत नाहींत, हयगय म्हणतात. युद्धाची निकड होती, ही सबब आम्हांस ठाऊक आहे. निकडीनें दोर महाग होत नसतात.

आपल्याकडे ता. ११ जानेवारी २०२० रोजीं कमोडोर जयदीप मावळणकर यांनीं आरमारासाठीं बनविलेलें स्वदेशी 'तेजस' विमान 'विक्रमादित्य' नौकेवर उतरविलें. तत्पूर्वीं सप्टेंबर २०१९ मध्यें गोव्यास 'हंसा' तळावर, जमिनीवरच, पोलादी दोरांत अडकून थांबण्याचा प्रयोग पार पडला होता.